लहान मुलांना घेऊन लंडनला: अनुभव आणि नेमकी माहिती इथे लिहा

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत सहा-सात वर्षांखालची मुलं घेऊन लंडनला निघालेल्यांसाठी हा धागा. काय बघावं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. इथे बाकीचं हवं आहे: कागदपत्रं, खाणं, झोप, जिने, शी-शू, ताप. जे जाऊन आलेत आणि जे तिथेच राहतात, त्यांनी आकड्यांसह लिहा. कुठे अडतं आणि का अडतं, हे सर्वांत उपयोगी.

नाशिकहून (मुलं २ आणि ६)

प्रत्येक मुलाला वेगळा पासपोर्ट आणि वेगळा व्हिसा. व्हिसाची फी मोठ्यांइतकीच, लहानांना सवलत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, तरी फोटोसाठी मुलाला केंद्रावर न्यावंच लागतं.

अडतं ते इथे: अर्जात मूल कोणाबरोबर प्रवास करणार हे विचारतात, आणि व्हिसाला त्या मोठ्या माणसाच्या पासपोर्टची नोंद जोडली जाते. दोन माणसांची नोंद करता येते. ज्यांची नोंद नाही त्यांच्याबरोबर मूल गेलं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे आई-बाबा पुढे आणि आजी-आजोबांबरोबर मूल मागून, असा बेत असेल तर तो अर्ज भरण्याआधीच पक्का करा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा.

लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. बाळ जन्मल्यावर लगेच काढलेला असेल तर मुदत आधी बघा. आणि परतीच्या तारखेआधी मूल दोन वर्षांचं होत असेल, तर येताना मांडीवरचं तिकीट चालत नाही, सीट घ्यावी लागते.

हॅरोत राहणारी

येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला हे सांगावं लागतं: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप, पनीर, काहीच नाही. बाळाची दूधपावडर आणि बाळाचं खाणं यांना सूट आहे: माणशी २ किलोपर्यंत, कंपनीच्या बंद डब्यात, आणि उघडेपर्यंत फ्रिज न लागणारं. ताजा कढीपत्ताही आणू नका. मेतकूट, भाजणी, पोहे, नाचणीचं पीठ, मुगाची डाळ मात्र बिनधास्त आणा. तूप वेम्बली, साउथॉल किंवा टूटिंगमध्ये सहज मिळतं. मध्य लंडनमध्ये उतरला असाल तर युस्टन स्टेशनमागची ड्रमंड स्ट्रीट गाठा, तिथे शाकाहारी जेवण आणि वाणसामान दोन्ही मिळतं.

दुधाच्या बाटलीचं झाकण बघून दूध घ्यायचं: निळं म्हणजे पूर्ण सायीचं, हिरवं अर्धं साय काढलेलं, लाल पूर्ण साय काढलेलं. दोन वर्षांखालच्या मुलांना निळंच. नळाचं पाणी थेट पिता येतं.

रविवारी उतरत असाल तर लक्षात ठेवा, मोठी सुपरमार्केटं त्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ यांमधले जेमतेम सहा तास उघडी असतात. कोपऱ्यावरची छोटी दुकानं उशिरापर्यंत चालू असतात.

पुण्याहून (मुलगी ४)

झोपेबद्दल लिहिते, कारण सगळा बेत तिच्यावर उभा असतो.

उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. इथे सकाळी सातला उठणारं मूल तिथे रात्री अडीचला टक्क जागं होतं, हिवाळ्यात दीडला. आणि ते भुकेलेलं असतं. हॉटेलचा नाश्ता सुरू व्हायला तेव्हा चार तास बाकी असतात. म्हणून पहिल्या तीन रात्रींचं खाणं खोलीतच हवं: केळी, भाजलेले पोहे, गरम पाण्यात कालवायचं सातूचं पीठ. दिवे मोठे करू नका, पडदे उघडू नका, फोन देऊ नका. खाऊ घालून पुन्हा अंधार केला की तास-दीड तासाने बहुतेक मुलं परत झोपतात.

दुसरं टोक संध्याकाळचं. तिथे साडेपाच वाजतात तेव्हा मुलाच्या शरीरात रात्रीचे दहा झालेले असतात. ते गाडीत, बसमध्ये, ताटावर झोपून जातं आणि साडेपाचला झोपलं की एकला उठतं. पहिले तीन-चार दिवस चारपर्यंत मुक्कामावर परता, पाचला जेवण, गार पाण्याने हात-तोंड धुऊन सातपर्यंत कसंही करून जागं ठेवा. संध्याकाळच्या नाटकाची तिकिटं चौथ्या दिवसाआधी काढू नका.

जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि पहाटे पाचच्या आत उजाडतं. हॉटेलचे पडदे पुरत नाहीत. एक गडद चादर आणि सात-आठ कपड्यांचे चिमटे न्या. डिसेंबरात उलटं, चारच्या आत सूर्य मावळतो आणि केन्सिंग्टन गार्डन्ससारखी उद्यानं अंधार पडता पडता बंद होतात. हिवाळ्यात बाग सकाळी, संग्रहालय दुपारी.

हाउन्स्लोत राहणारा, रोज ट्यूबने (भुयारी रेल्वेने) जाणारा

भाडं आधी समजून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही. ११ वर्षांखालची मुलंही बस, ट्यूब आणि डीएलआर, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन या शहरातल्या रेल्वेंवर मोठ्यांबरोबर फुकट जातात, रेल्वेवर एका मोठ्यामागे चार. ११ ते १५ च्या मुलांसाठी ऑयस्टर कार्डावर (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून ‘यंग व्हिजिटर’ सवलत घालून घ्या. १४ दिवस मोठ्यांच्या निम्मं भाडं. मोठ्यांनी प्रत्येकी वेगळं कॉन्टॅक्टलेस कार्ड वापरायचं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. तेच कार्ड एकदा प्रत्यक्ष आणि एकदा फोनमधून टेकवलं तर यंत्रणा ते दोन वेगळी कार्डं समजते आणि दिवसाच्या कमाल भाड्याचा (ज्यापुढे त्या दिवशी पैसे कापले जात नाहीत) हिशोब बिघडतो. भारतातल्या बँकेच्या अॅपमध्ये परदेशी कॉन्टॅक्टलेस व्यवहार निघण्याआधी सुरू करून ठेवा. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत.

हीथ्रोवरून मुलं आणि सामान असेल तर एलिझाबेथ लाइन. डबे मोठे, मध्य लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन साधारण अर्ध्या तासात. पिकॅडिली लाइन स्वस्त पडते, पण मध्य लंडनला तासभर लागतो आणि डबा बुटका व अरुंद. हीथ्रो एक्सप्रेस १५ मिनिटांत पोचते, १५ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. पण ती फक्त पॅडिंग्टनपर्यंत जाते.

बाबागाडी आणायची तर एका हाताने मिटणारीच. एलिझाबेथ लाइनची सगळी स्टेशनं बिनजिन्याची आहेत; ट्यूबच्या साधारण एक-तृतीयांश स्टेशनांवरच तशी सोय आहे. ‘स्टेप-फ्री’ नकाशा फोनमध्ये ठेवा. नकाशावर लिफ्टचं चिन्ह दिसलं की सुटलो असं नाही: काही ठिकाणी लिफ्ट फक्त रस्त्यापासून फलाटापर्यंत नेते आणि फलाट व डबा यांत पायरीएवढी उंची राहते. सरकत्या जिन्यावर मुलाला उचलून घ्या, गाडी मिटा, उजवीकडे उभे राहा. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टच्या रांगेला कंटाळून गोल जिना धरू नका, १९३ पायऱ्या आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी चार ते सात गाडीसह ट्यूबमध्ये शिरूच नका.

बदलापूरहून (जुळी, ३ वर्षं)

वरच्या प्रतिसादात थोडी भर. जुळ्यांची शेजारी-शेजारी बसायची रुंद गाडी लंडनमध्ये फार अडते. दुकानांची दारं, बसची मधली जागा, कॅफेतली टेबलं, सगळीकडे. पुढे-मागे बसायची अरुंद गाडी किंवा एक गाडी आणि एक झोळी हे बरं. बसमध्ये बाबागाडीची जागा मधल्या दारापाशी असते, पण चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाचा त्या जागेवर पहिला हक्क. तो आला की गाडी मिटावी लागते. मुलं झोपलेली असतील तेव्हा हे कठीण जातं, म्हणून दुपारच्या झोपेची वेळ बागेत काढा.

मुलं, सामान आणि पाऊस तिन्ही एकत्र आले तर काळी टॅक्सी. बाबागाडी न मिटता आत ढकलता येते. टॅक्सीत मुलाची सीट नसेल तर कायद्याने चालतं, मात्र मागच्याच सीटवर: तीन वर्षांवरच्यांनी मोठ्यांचा पट्टा लावायचा, त्याखालच्यांनी पट्ट्याशिवाय. कायद्यात बसलं तरी बाळाला छातीशी झोळीत बांधून नेऊ नका. शक्य तिथे सीट मागवा. स्वतः चालवायला मोटार भाड्याने घेणार असाल तर सीट लागतेच.

पुन्हा हॅरोहून

शी-शू. बहुतेक ट्यूब स्टेशनांवर स्वच्छतागृह नाही. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर, म्हणजे पॅडिंग्टन, युस्टन, किंग्ज क्रॉस, व्हिक्टोरिया, वॉटर्लू इथे २०१९ पासून फुकट आहे. डायपर बदलायची फळी संग्रहालयांत आणि मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये हमखास मिळते. ‘सगळ्यांना जायचं का?’ हे प्रत्येक संग्रहालयातून निघताना विचारायचं, ट्यूबमध्ये शिरताना नाही. जेट स्प्रे कुठेच नसतो. धुण्यासाठी दाबून पाणी सोडता येणारी छोटी प्लॅस्टिकची बाटली जवळ असू द्या.

लंडनमध्ये शिकवणारी

दक्षिण केन्सिंग्टनबद्दल सविस्तर, कारण सगळे तिथेच जातात आणि सगळे दमतात.

नॅचरल हिस्ट्री म्युझियम फुकट आहे, पण वेळ ठरवून फुकट तिकीट आधी काढा. सकाळी दहाचंच घ्या. तुमची मुलं पहाटे तीनपासून जागी आहेत, तो तुमचा फायदा. अकरानंतर शाळांच्या सहली आणि गर्दी. मोठ्या दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, २५.२ मीटर लांब. तो खालून बघायचा, मग जिन्याने वर जाऊन डोळ्यासमोर. डायनासोरच्या दालनाच्या वाटेवर हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स आहे, आणि तिथे काळोख आहे. तीन वर्षांखालची बरीच मुलं तिथे घाबरून रडतात आणि मागची रांग ढकलत राहते. मुलाला आधी सांगून ठेवा आणि कडेवर घ्या.

शेजारच्या सायन्स म्युझियमच्या तळघरात ‘द गार्डन’ नावाचा भाग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पाण्याचे खेळ असतात. अॅप्रन मिळतात, तरी बाह्या आणि मोजे भिजतातच. पूर्ण कपड्यांचा एक जोड न्या, नाहीतर थंडीत ओल्या मुलाला घेऊन परतावं लागेल. वरचं वंडरलॅब हे प्रयोगांचं दालन पैसे देऊन, आणि ते सात वर्षांपुढच्यांना जास्त रुचतं. दोन्ही संग्रहालयं एका दिवसात संपूर्ण करायची नाहीत. दोन तास एक, डबा, एक तास बाग, मग घर.

दक्षिण केन्सिंग्टन ट्यूबपासून संग्रहालयांपर्यंत भुयारी वाट आहे, पण पिकॅडिली लाइनच्या फलाटावरून वर येताना जिने लागतात. बाबागाडी असेल तर ९ नंबरच्या बसने रॉयल अल्बर्ट हॉलपाशी उतरा आणि एक्झिबिशन रोड उतारावरून चालत या.

खेळायला कोरम्स फील्ड्स चुकवू नका, ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाता येतं. तिथे मोठ्यांना मुलाशिवाय आतच सोडत नाहीत, त्यामुळे मैदान खरोखर मुलांचं राहतं. पाच-सहा वर्षांखालच्यांसाठी बेथनल ग्रीनचं यंग व्ही अँड ए हे मुलांचं संग्रहालय सुद्धा उत्तम आहे. २०२३ मध्ये नव्याने उघडलं, प्रवेश फुकट, आणि तिथे पळलं-ओरडलं तरी कुणी वळून बघत नाही.

प्रिमरोझ हिलवर मुलांना गडगडू द्यायचं असेल तर जवळच १० किंग हेन्रीज रोड आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये त्या घरात राहत होते, महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. घर छोटं, आत जिने; बाबागाडी मिटून न्या.

ठाण्यातली बालरोगतज्ज्ञ

भारतातलं प्रिस्क्रिप्शन तिथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. प्रतिजैविकं सहसा चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि सहा वर्षांखालच्यांना खोकला-सर्दीची औषधं दुकानदार देतच नाही. म्हणून मुलाची नेहमीची औषधं, ओआरएसची पाकिटं आणि नेब्युलायझर लागत असेल तर तोही इथूनच, चिठ्ठीसह न्या.

पॅरासिटामॉलची चूक सगळ्यांत जास्त होते. द्रव औषध ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ अशा दोन तीव्रतांत मिळतं, आणि आपल्याकडचे ड्रॉप्स त्याहून कितीतरी तीव्र असतात. ‘एक चमचा’ असं लक्षात ठेवू नका. मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिलिग्रॅम, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सिरिंजने मोजा.

तातडी नसेल तर १११ या आरोग्य-सल्ल्याच्या नंबरवर फोन करा, दिवसरात्र चालू असतो. जीवावरचं असेल तर ९९९. इस्पितळाच्या तातडीच्या विभागातले उपचार पर्यटकांनाही फुकट असतात, पण दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं. विमा घेताना मुलाची जुनी दुखणी, दमा वगैरे, लपवू नका.

हाउन्स्लोहून, एक राहिलेलं

ट्यूबमध्ये चढताना एक मोठा पुढे, मुलं मध्ये, दुसरा मोठा शेवटी. दारं पटकन मिटतात. बँक स्टेशनवर सेंट्रल लाइनचा फलाट वळणाचा असल्यामुळे फट मोठी आहे, तिथे हात धरूनच. मूल आत आणि तुम्ही बाहेर राहिलात तर फलाटावरच्या मदतीच्या खांबाचं बटण दाबा; कर्मचारी पुढच्या स्टेशनला कळवतात. मुलाला घरीच शिकवा: पुढच्या स्टेशनवर उतरायचं, हलायचं नाही, गणवेशातल्या माणसाला मनगटावरचा नंबर दाखवायचा. तो नंबर देशाच्या कोडसह, न पुसणाऱ्या पेनाने, तुम्ही तिथे वापरणार त्याच सिमचा.