पंधराशे तासांचा हट्ट

गगनविहारी_पुणे: आपल्याकडे २०० तास उडवले की सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, आणि पोरं थेट एअरबसच्या उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर. अमेरिकेत १५०० तास लागतात. विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं डीजीसीए झोपलंय का?

उजवी_सीट: राहवत नाही म्हणून लिहितोय. तो नियम २००९ च्या अमेरिकेतल्या बफेलो विमान अपघातानंतर आला, ५० माणसं गेली त्यात. कॅप्टनचे तास ३३७९, सहवैमानिक बाईंचे २२४४, म्हणजे दोघंही तुमच्या नियमात फर्स्ट क्लास पास! स्टॉलची, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याची, वॉर्निंग आली तेव्हा नाक खाली घालायचं सोडून कॅप्टननं कंट्रोल मागं ओढला. छोट्या सेस्ना विमानात बसून त्याच शेतावर हजार तास घिरट्या घातल्या तरी हे येत नाही. कोणाला कोणाशेजारी बसवता ते बघा. १९८७ साली डेन्व्हरला डीसी-९ पडलं, कॅप्टनची त्या विमानावरची कमांड ३३ तासांची, शेजारच्याचे त्या विमानावरचे तास ३६. दोन्ही कोरे!

गगनविहारी_पुणे: पंखांवर बर्फ होता, ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि जोडीचे नियम आपल्याकडेही आहेत की.

उजवी_सीट: आहेत ना. म्हणूनच २०२४ मध्ये एअर इंडियाला ९० लाख दंड झाला. मुंबई-रियाध, ट्रेनर नसलेला कॅप्टन आणि लाईन रिलीज न झालेला, म्हणजे ट्रेनरशिवाय उडायची मंजुरी नसलेला एफओ (सहवैमानिक). ड्यूटी लावणाऱ्या सॉफ्टवेअरनं अडवायला नको? बरं, बर्फाचं मान्य, खूश?

मंगळूरची_माहेरवाशीण: मंगळूरचा २०१० चा विमान अपघात आठवतोय का कुणाला? दहा हजार तासांचा कॅप्टन वाटेत झोपलेला, एफओ गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर घ्या, म्हणत राहिला, १५८ गेले. कोळिकोडच्या २०२० च्या अपघातातही एफओचं ऐकलं नाही. ज्युनिअरचं ऐकतो कोण?

संत्रानगरी: ओ ताई, थांबा जरा. कोळिकोडच्या विमानाचे कॅप्टन साठे सर आमच्या नागपूरचे, हवाईदलात टेस्ट पायलट होते. घरबसल्या, गेलेल्या माणसावर खापर फोडायला काय जातं?

मंगळूरची_माहेरवाशीण: खापर नाही हो. एफओनं गो अराउंड म्हटलं होतं, हे चौकशी अहवालात आहे. आदर आहे म्हणून अहवाल वाचायचाच नाही का?

संत्रानगरी: मग पूर्ण वाचा! त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला, वरून धो धो पाऊस, आणि कोळिकोडला कॅप्टन पुरेसे नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान पण त्यांच्याच डोक्यावर. हेपण अहवालातच आहे. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक करणाऱ्याला कोण विचारते?

उजवी_सीट: हे मात्र शंभर टक्के. झोपेवर बोला! वैमानिकांची आठवड्याची सुट्टी ३६ ची ४८ तास झाली, तर २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो फ्लाइट रद्द. नियम दोन वर्षं आधी माहीत होते, माणसं घेतली नाहीत.

हप्तेवाला_बाप: घेतील कशी? मुलीचं सीपीएल झालं, टाइप रेटिंगही (ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण) आमच्याच खर्चानं, घर गहाण आहे आणि कॉल काही येत नाही. त्यात तुम्ही १५०० म्हणता. उरलेले १३०० तास कुठं उडवायचे, गच्चीवर?

गगनविहारी_पुणे: काका, तुमचं दुःख वेगळं, सेफ्टी वेगळी.

हप्तेवाला_बाप: वेगळी कशी? बाँड आणि कर्ज डोक्यावर असलेली पोर कॅप्टनला "सर, चुकताय" म्हणेल का, सांगा.

गगनविहारी_पुणे: ठीक आहे, १५०० राहू द्या. ५०० तरी करा.

उजवी_सीट: अरे वा, भाजी मंडईच उघडली की यांनी!