मदत हवी आहे: निबंधातला परिच्छेद मध्येच भरकटतो

मंडळी, राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय आणि निबंधाचा पेपर 250 मार्कांचा आहे, त्याची प्रॅक्टिस करतेय. मुद्दे भरपूर सुचतात, पण परिच्छेद काही केल्या बांधला जात नाही.

कालचंच सांगते. विषय मराठवाड्यातली पाणीटंचाई. पहिलं वाक्य लिहिलं, 'मराठवाड्याची टंचाई फक्त कमी पावसामुळे नाही, पाणी कुठल्या पिकाला जातं यामुळेही आहे.' मग ऊस आला, मग 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं ते आलं, तिथून टँकर, टँकरवरून बायकांची पायपीट, आणि शेवटचं वाक्य थेट मुलींच्या शिक्षणावर! प्रत्येक वाक्य खरंय, पण पहिल्या वाक्याचं काय झालं तेच कळत नाही.

आधी मुद्द्यांची यादी करून बघितली, तर परिच्छेद यादीसारखाच वाचला जातो. 'त्यामुळे', 'तसेच', 'परंतु' घालून बघितलं, पण जोड वरवरचीच वाटते. मोठ्याने वाचल्यावर चूक कळते, पण परीक्षेत हाताने लिहायचंय, खोडून परत लिहायला वेळ नसतो. मराठीतूनच लिहितेय, क्लास लावणं सध्या शक्य नाही, त्यामुळे घरी करता येईल असंच सांगा.

वरच्या परिच्छेदात रेल्वेचं उदाहरण ठेवायचं असेल तर त्याच्या लगेच पुढचं वाक्य काय हवं, म्हणजे ते परत पिकांच्या मुद्द्याकडे येईल? आणि पायपीट नवीन परिच्छेदात न्यायची की सरळ काढूनच टाकायची, हे लिहिता लिहिता तुम्ही कसं ठरवता?