विकू नका, खातं हलवा

ब्रोकरचे चार्जेस जास्त म्हणून सगळे शेअर विकून पैसे बचत खात्यात ठेवावेत, असा सल्ला काही जण देतात. माझ्या मते ब्रोकर बदलणं आणि रोख किती ठेवायची हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

शेअर ब्रोकरकडे नसतात, सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींकडे (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्थांकडे) तुमच्या नावावर असतात. त्यामुळे ब्रोकर बदलायला विकायची गरजच नाही. नव्या ब्रोकरकडे डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडा, त्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट (खात्याच्या तपशिलांचा कागद) घ्या, जुन्या ठिकाणी खातं बंद करण्याच्या फॉर्मसोबत जोडा. दोन्ही खात्यांत नावं आणि पॅन तंतोतंत जुळायला हवेत. जॉइंट खात्यात नावांचा क्रमही. इथे चूक झाली तर अर्ज परत येऊ शकतो. अशा ट्रान्सफरला शुल्क नाही, आणि ही विक्री नसल्यामुळे टॅक्सही नाही. मूळ खरेदीची तारीख कायम राहते, फक्त खरेदीची किंमत नव्या ॲपमध्ये भरावी लागते. जुनी स्टेटमेंट्स आधीच उतरवून ठेवा, प्लीज.

विकलंत तर वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरचा वर्षातला एकूण नफा १.२५ लाखांच्या वर गेला तर त्या वरच्या भागावर १२.५ टक्के कर. शिवाय होल्डिंग ४ लाखांच्या आत आणि तुमचं एकच डीमॅट असेल, तर बेसिक सर्व्हिसेस खात्याला (छोट्या गुंतवणूकदारांसाठीचं डीमॅट) वार्षिक शुल्क शून्य आहे. आधी ब्रोकरला तेच विचारा.

रोख हवीच, पण घरखर्चाचे सहा महिने आणि येत्या दोन-तीन वर्षांत लागणारी फी, एवढीच. ती एफडीत ठेवा, एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या आत, कारण ठेव विमा तेवढाच आहे.