पेरणाऱ्याचा दाखला शेतकरी मंडळींसमोर कसा मांडावा?

खानापूरकर:
सर्वांना जय ख्रिस्त. महिनाभराने खानापूर भागातल्या घरसभेत मत्तय 13 मधल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर मनन द्यायचं आहे. प्रभूच्या या गोष्टीत बी वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन अशा चार जागी पडतं, चांगल्या जमिनीत तीस, साठ, शंभरपट येतं, आणि जमीन म्हणजे वचन ऐकणाऱ्याचं मन. समोर वीस-पंचवीस माणसं, बहुतेक भात आणि ऊसवाली, थोडी पूर्वेकडची ज्वारी-हरभऱ्याची. निम्मे मराठी बायबल उघडतात, निम्मे कन्नड. ही मंडळी सुरुवातीलाच अडतात: बी वाटेवर आणि खडकावर पडू देणारा हा कसला शेतकरी? चाड्यावर मूठ धरून कुरीनं (बी ओळीत सोडणाऱ्या अवजारानं) पेरणाऱ्याला अशी नासाडी पटत नाही. शंभरपट म्हटलं की ज्वारीवाले म्हणतात, त्यात विशेष ते काय? आणि शेवटी "तुम्ही कोणती जमीन?" असं विचारायची पद्धत आहे, ती मला खटकते. नेमकं कसं मांडावं?

रब्बीवाला:
आधी हे सांगा की तिथं कुरी नव्हे, बी मुठीनं फोकून, म्हणजे विखरून, पेरत. फोकलेलं बी कडेला जाणारच. शिवाय पायवाट बांधावरून नाही, पिकातूनच जायची. मार्क 2:23 मध्ये शिष्य शेतातून चालता चालता कणसं मोडतात ते त्याच वाटेनं. लूक 8:5 तर बी तुडवलं गेलं असंही सांगतो. पेरून झाल्यावर नांगर फिरवून बी झाकत, म्हणजे तेव्हा वाटही नांगरली जायची.

हंगामही स्पष्ट करा, नाहीतर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मिरगाचा पाऊस येतो. तिथं पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसावर, आपल्या रब्बीसारखी. फरक एवढाच की पाऊस हिवाळाभर येत राहतो आणि एप्रिलपासून आधी जव, मग गहू कापणीला येतो.

"खडकाळ" म्हणजे दगडगोटे पडलेलं रान समजू नका. खाली सलग खडक, वर वीतभरसुद्धा माती नाही, असं ते रान. मत्तय म्हणतो ते लगेच उगवलं, आणि कारणही देतो: माती खोल नव्हती. पातळ माती लवकर तापते, म्हणून तिथं कोंब सगळ्यांच्या आधी दिसतो. माळाचं मुरमाड रान असंच पहिल्या सरीला हिरवं होतं आणि आठ दिवस उघडीप पडली की पहिल्यांदा मान टाकतं. जो वचन आनंदानं ऐकतो पण पुढं टिकत नाही, त्या माणसाचा आनंद खोटा होता असं प्रभू म्हणत नाही. मूळ नव्हतं, एवढंच म्हणतो. हे सावकाश सांगा, कारण नव्या विश्वासणाऱ्यांना इथं फार लागतं.

शंभरपटीचा हिशोब ज्वारीवर करूच नका. ज्वारीला एकरी 4 किलो बी आणि 8 क्विंटल उतारा धरला तर दोनशेपट होते. शंभरपट तिथं तोट्याची वाटेल. गव्हाचा हिशोब घ्या. एकरी 40 किलो बी, बागायतात 12 क्विंटल आले तर तीसपट. म्हणजे दाखल्यातली सगळ्यात कमी पट हीच आजची पाण्यावरची बरी शेती. शंभरपट म्हणजे एकरी 40 क्विंटल! उत्पत्ती 26:12 मध्ये इसहाकाला शंभरपट मिळतं तेव्हा ते देवाच्या आशीर्वादाचं म्हणूनच नोंदलंय.

संडेस्कूलची ताई:
रब्बीवाला दादा, नांगराबाबत थोडी दुरुस्ती. यशया 28:24-25 मध्ये आधी नांगरट, मग ढेकळं फोडून सपाटी, मग पेरणी असा क्रम आहे. पेरणीनंतरचा नांगर बी झाकण्यापुरता. त्यामुळे "तिथं न नांगरताच पेरत" असं कुणी ठासून सांगू नये.

काट्यांच्या भागावर मी जास्त वेळ देईन. पेरताना काटे दिसत नव्हते. लूक 8:7 म्हणतो ते बियाबरोबर वाढले. वरचं तण कापलेलं किंवा जाळलेलं, मुळ्या आत जिवंत. इथं "हरळी" एवढा एकच शब्द पुरे, भांगलण करणाऱ्या बायका लगेच माना डोलावतील. यिर्मया 4:3 जोडून वाचा: पडीत नांगरा, काट्यांत पेरू नका.

दाखवायचं असेल तर चार पसरट डबे घ्या, तळाला भोकं पाडा.
पहिल्यात माती ओली करून ठोका आणि दोन दिवस वाळवा.
दुसऱ्यात फरशीचा तुकडा, वर बोटभरही नको इतकी माती.
तिसऱ्यात हरळीच्या डोळे असलेल्या कांड्या बोटाएवढ्या तोडून पुरा.
चौथ्यात वीतभर मऊ माती आणि थोडं कुजलेलं शेणखत. काळी माती नुसती वापरू नका, वाळली की भेगाळते. चाळलेली तांबडी बरी.

प्रत्येकात मुगाचे वीस दाणे. उगवेपर्यंत चारही डब्यांना सारखं पाणी, मग सगळ्यांचं बंद, आणि डबे उन्हात. चूक नेहमी दुसऱ्या डब्यात होते: मुलं दया येऊन त्याला पाणी घालतात, मग तो सुकतच नाही. वाटेवरचं बी दाखल्यात पाखरं खातात, म्हणून पहिला डबा गच्चीवर ठेवा, घरात पाखरं येणार कुठून?

वाचक, निपाणी:
शेवटच्या प्रश्नाबद्दल. चारही जागा एकाच शेतात आहेत आणि पेरणारा एकच. म्हणून माणसांची चार गटांत वाटणी करू नका; सभेत ती केली की लोक शेजाऱ्याकडे बघतात. "यंदा हरळी कुठं वर आलीय?" असं विचारा. मार्क 4:19 तीन नावं देतो: संसाराची चिंता, द्रव्याचा मोह, इतर गोष्टींचा लोभ. साखर कारखान्याचं बिल थकलंय म्हणून प्रार्थना राहिली, ही पहिली. शेजाऱ्यानं नवा ट्रॅक्टर घेतला म्हणून झोप गेली, ही तिसरी. चिंता करणाऱ्याला दोष देऊ नका, नुसतं ओळखायला लावा. आणि चांगल्या जमिनीबद्दल लूक 8:15 मधला "धीरानं" हा शब्द वगळू नका. मत्तयात तो नाही.

कन्नड वाचणाऱ्यांसाठी अध्याय-ओवी दोनदा सांगा. त्यांच्याकडे पुस्तकाचं नाव "मत्ताय", आणि दाखल्याला "साम्य" म्हणतात.

खानापूरकर:
मनापासून आभार. मुगाऐवजी भात चालेल का? घरात आहे.

संडेस्कूलची ताई:
नको. मूग तीन-चार दिवसांत वर येतो, भाताला त्याहून जास्त दिवस लागतात. शिवाय मुगाची पानं रुंद, कोमेजलेली मागच्या रांगेतूनही दिसतात. मूग सभेच्या दहा दिवस आधी टाका. हरळीच्या कांड्या मात्र याच आठवड्यात पुरा, नाहीतर तिसरा डबा चौथ्यासारखाच दिसेल.