उत्तम सेटर उत्तम सुपरवायझर होतोच का? माणसाची पुढची कुवत ओळखायची कशी?

भोसरीकर (धागाकर्ता)

आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सची हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, मशीनवर कापून तयार होतात. गेल्या वर्षी दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली आणि आम्ही डोळे झाकून आमच्या सगळ्यात चांगल्या सेटरला, म्हणजे मशीनवर हत्यारं आणि मापं लावून देणाऱ्याला, बढती दिली. हा माणूस व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) दारावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "इन्सर्ट (कापणारं टोक) गेलंय, बदला." काउंटरवर अजून चाळीस नग शिल्लक दिसत असायचे, पण इन्सर्ट काढून पाहिलं की कड खरंच तुटलेली असायची. रिजेक्शन त्याच्या मशीनवर सगळ्यात कमी.

चार महिन्यांत सगळं विस्कटलं. कुठल्याही मशीनवर माप हललं की हा स्वतः धावायचा, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) स्वतः टाकायचा, पोरं बाजूला उभी राहून बघायची. उद्याचं कास्टिंग आलंय का, ते तपासलंय का, पुढच्या आठवड्यात कोण रजेवर आहे, याकडे लक्षच नाही. पाळी बदलायच्या वहीत पानंच्या पानं कोरी. शेवटी तोच माझ्याकडे आला, "साहेब, मला माझं मशीन परत द्या." मी दिलं. पण लाइनवरच्या नजरा त्याला सोसल्या नाहीत आणि महिनाभरात त्याने नोकरी सोडली. सुपरवायझर तर मिळाला नाहीच, सेटरही गेला. दोष माझा आहे, कारण निवड माझी होती.

माणूस आपल्या कुवतीच्या पलीकडच्या पायरीपर्यंत बढती घेत जातो आणि तिथेच अडकतो, हे पीटर आणि हल यांनी 1969 मध्येच 'द पीटर प्रिन्सिपल' या पुस्तकात लिहून ठेवलंय. पण मला जास्त पटतो तो एलियट जॅक्स, कामाचा आणि संस्थांचा अभ्यास करणारा मनोविश्लेषक. लंडनच्या ग्लेशियर मेटल या बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत त्याने 1948 पासून अनेक वर्षं काम केलं. काम किती अवघड आहे, हे हाताखाली किती माणसं यावरून ठरत नाही, असं तो म्हणतो. वरिष्ठाला न विचारता स्वतःच्या निर्णयावर जास्तीत जास्त किती लांबचं काम तडीस न्यायचंय, त्यावरून ते ठरतं. त्याच्या मोजपट्टीत पहिली पातळी 3 महिन्यांपर्यंत, दुसरी 1 वर्षापर्यंत, तिसरी 2 वर्षांपर्यंत, चौथी 5 वर्षांपर्यंत. आमच्या सेटरचं काम पाळीत सुरू होऊन पाळीत संपायचं. आम्ही त्याच्या हातात एकदम सहा महिने दिले.

माझं मत स्पष्ट आहे. अप्रेझलमधले मार्क कालच्या कामाचे असतात. मोठ्या कामाची कुवत वेगळी तपासायला हवी, आणि ती तपासता येते.

फिटर नाशिककर

भोसरीकर साहेब, पूर्ण असहमत. तो माणूस नापास झाला नाही, तुम्ही त्याला शिकवलं नाही.

तुमच्याकडे इंजिनिअर पोरगा ट्रेनी म्हणून लागतो तेव्हा त्याला वर्षभर स्टोअर, क्वालिटी, प्लॅनिंग, डिस्पॅच असं सगळीकडे फिरवतात. त्याने चुका केल्या तर "शिकतोय" म्हणतात. आयटीआयवाल्याला शुक्रवारी पत्र आणि सोमवारी टेबल. चुकला की "कुवत नाही". पाळीची वही कशी लिहायची, हे त्याच्याजवळ बसून कोणी दाखवलं होतं का?

हे मी भोगलंय म्हणून लिहितोय. एका कारखान्यात माझ्या फाइलवर "या पातळीपुढे वाढ नाही" असा शेरा होता. कारण एकच, मला इंग्रजी मेल लिहिता येत नव्हता. दुसरीकडे गेलो. तिथल्या मेंटेनन्स मॅनेजरने वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "सगळ्या कॉम्प्रेसरचं आणि क्रेनचं वेळापत्रक यावर तूच मांड, मी फक्त बघणार." पहिल्या वर्षी देखभालीसाठी मशीन बंद ठेवायच्या तीन वेळा चुकल्या. दुसऱ्या वर्षी एकही नाही. कुवत आधीच होती की कॅलेंडर हातात आल्यावर आली? तुमच्या जॅक्सने सांगावं.

भोसरीकर

वहीबद्दलचा प्रश्न लागला, दादा. नाही दाखवलं कोणी. हे मान्य.

पण जॅक्सही या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. ज्ञान आणि कौशल्य शिकवता येतं. गुंतागुंत पेलायची ताकद ही निराळी, आणि ती वयाबरोबर वाढत जाते असं तो म्हणतो. 1994 मध्ये कॅथरिन केसन यांच्याबरोबर त्याने ती ओळखायची रीत मांडली. माणसाला मनापासून वाटणाऱ्या विषयावर बोलतं करायचं आणि तो मुद्दे कसे रचतो ते ऐकायचं. कोणी एकेक मुद्दा सुटा ठेवतो. कोणी चार गोष्टी एकत्र आणून त्यातून काहीतरी काढतो. कोणी "हे झालं तर ते, ते झालं तर पुढचं" अशी साखळी लावतो. कोणी अशा दोन-तीन साखळ्या एकदम धरून एकमेकींशी ताडून बघतो. विषय ऊस असो की वॉर्डातलं पाणी, भाषा मराठीच. इंग्रजी मेलचा इथे संबंधच नाही.

फिटर नाशिककर

बोलण्याची सवयही घरातून येते, साहेब. ज्याच्या घरात बापासमोर तोंड उघडायची मुभा नव्हती तो साहेबासमोर साखळी लावेल? तो "हो साहेब" म्हणेल आणि तुम्ही त्याला पहिल्या पातळीत टाकाल. आणि कुवत ठरलेल्या रेषेने वाढते म्हणता, म्हणजे पंचविशीत कोणी रेषा आखली की पन्नाशीपर्यंतचा निकाल लागला. माणसाची पत्रिका मांडायचाच प्रकार झाला हा.

सांजवात

मी एचआरमध्ये आहे, हिंजवडीत. आम्ही दरवर्षी नऊ चौकटींचा तक्ता भरतो. एका बाजूला कामगिरी, दुसऱ्या बाजूला पुढची क्षमता. कामगिरीच्या रकान्यामागे काहीतरी आकडे असतात. क्षमतेचा रकाना मॅनेजरच्या मनाचा.

एक अनुभव सांगते. प्रसूतीच्या रजेवरून परतलेल्या एका टीम लीडची कामगिरी अव्वल होती. क्षमतेपुढे मॅनेजरने "मध्यम" लिहिलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "आता तिलाच नको असेल ना एवढं." तिला विचारलं होतं का? नव्हतं.

हा एकट्याचा दोष नाही. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळी दुकानाची माहिती तपासली. तिथे बायकांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा जास्त होते आणि क्षमतेचे कमी. भोसरीकरांच्या बाजूनेही याच तिघांचा पुरावा आहे. 2019 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि त्यांच्या हाताखालच्यांची विक्री मात्र घसरली.

म्हणजे कालच्या मार्कांवर बढती देणं चूक, आणि साहेबाच्या अंदाजावर देणं त्याहून चूक. जॅक्सचीच एक गोष्ट भोसरीकरांनी सांगितली नाही. क्षमतेचा अंदाज थेट वरिष्ठाने करायचा नाही, तो वरिष्ठाच्या वरिष्ठाने करायचा, असं तो सांगतो. थेट साहेबाला चांगला माणूस आपल्याच हाताखाली राहिलेला हवा असतो, किंवा त्याची भीती वाटते. हे आमच्याकडे कोणीच पाळत नाही.

फौजीचा बाप

माझा मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व संस्थेत होता. दोन वेळा एसएसबीतून (सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या तपासणीतून) परत आला, तिसऱ्यांदा निवड झाली. पाच दिवस असतात. चित्रावरून गोष्ट, मैदानावरची गटाची कामं, मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, गटाची कामं घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा असे तिघं वेगवेगळं तपासतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. एकाच्या मर्जीवर काही नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मैदानावरचं मुलाने सांगितलेलं लक्षात राहिलंय. फळी, दोरी, पिंप देतात आणि अडथळा पार करायला सांगतात. पहिल्या दोन वेळा तो स्वतःच फळी उचलून पुढे जायचा. तिसऱ्यांदा थांबला, मागच्या पोराला विचारलं, "तुला काय सुचतंय?" त्या सेटरची गोष्ट वाचताना मला हेच दिसत होतं.

तेव्हा फिटर दादांना सांगेन, तपासणी वाईट नाही, कायमचा शिक्का वाईट. माझ्या मुलाला दोनदा "आत्ता नाही" म्हणाले, "कधीच नाही" कोणी म्हणालं नाही.

फिटर नाशिककर

काका, हे पटलं. पण फौजेत तपासणारे तिघंही मुलाला आधी ओळखत नसतात. कारखान्यात सगळे ओळखतात. कोण कुठल्या गावचा, कोण युनियनच्या गेटसभेला उभा होता, सगळं. म्हणून मी अजून म्हणतो, बोलण्यावरून तपासू नका. काम द्या आणि कामावरून बघा.

भोसरीकर

हे मला मान्य करावं लागतंय. पाळीच्या वहीची गोष्ट दोन दिवस डोक्यातून गेली नाही.

जूनमध्ये पुन्हा एक जागा रिकामी होतेय. दोघं जण डोळ्यासमोर आहेत. आता आधी पद देत नाही. एकाला कूलंटचा (कापताना वापरायच्या थंड पाण्या-तेलाचा) खप कमी करायचं काम देतो, दुसऱ्याला फिक्स्चर (नग धरून ठेवणारी पकड) बदलायचा वेळ खाली आणायचं. प्रत्येकी सहा महिने, निर्णय त्यांचे, खर्चाची मर्यादा आधी ठरलेली. वही कशी ठेवायची ते पहिल्या आठवड्यात मी स्वतः बसून दाखवणार. आणि शेवटी बघणार प्लांट हेड आणि क्वालिटीचा मॅनेजर, मी नाही. मराठीत बोलून बघणंही सोडणार नाही, पण तेवढ्यावर कोणाला नाकारणार नाही.

फिटर नाशिककर

आणि त्या सहा महिन्यांचा जादा भत्ता? वरचं काम करून घ्यायचं आणि पगार सेटरचाच, हेही आम्ही खूप पाहिलंय. ज्याची निवड होणार नाही त्याचं काय?

भोसरीकर

भत्ता दोघांनाही, काम हातात दिल्या दिवसापासून. निवड न झालेल्याला मशीनवर परत जाताना ग्रेड एकाने वर. सोमवारी प्लांट हेडकडून लेखी घेतो आणि इथे कळवतो.