प्रतिसाद: जन्मस्थान कुणाचं विचारलं जातं?

परदेशातल्या नेत्यांना बातम्यांत ‘भारतीय वंशाचे’ म्हणणं ही निव्वळ ओळख आहे, त्यात गैर काही नाही, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. निव्वळ ओळख असती तर ती सगळ्यांना सारखीच लागली असती. ब्रिटनचे दोन माजी पंतप्रधान घ्या. ऋषी सुनक १९८० साली इंग्लंडमधल्याच साउदॅम्प्टनमध्ये जन्मले. बोरिस जॉन्सन १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले, त्यांचे पणजोबा अली केमाल ऑटोमन साम्राज्यात मंत्री होते आणि जॉन्सन यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडलं ते थेट २०१६ मध्ये. तरी बातम्यांमध्ये नावाआधी कुळाचा उल्लेख येतो तो सुनक यांच्याच. परदेशी जन्म हा मुद्दा नाहीच मग. रंग आणि आडनाव हा आहे.

आयर्लंडचंही तेच. लिओ वराडकर २०१७ साली पंतप्रधान झाले तेव्हा जगभर मथळे होते ते स्थलांतरिताच्या मुलाचे. पण त्याच पदावर अनेक वर्षं राहिलेले एमन डी व्हॅलेरा स्वतःच न्यूयॉर्कला जन्मले होते, वडील स्पॅनिश आडनावाचे. त्यांना आज कुणी स्थलांतरितांचा नेता म्हणत नाही, ते थेट राष्ट्राचे शिल्पकार!

आणि आपण मराठी लोकही यात मागे नाही. वराडकर घराण्याचं मूळ गाव म्हणून मालवण तालुक्यातलं वराड आपण कौतुकाने सांगतो (अभिमान मलाही वाटला, खोटं कशाला बोलू), पण लिओ यांचा जन्म डब्लिनचा आणि आई मिरियम वॉटरफर्ड परगण्यातली आयरिश नर्स. तिचा उल्लेख आपल्याकडच्या किती लेखांत वाचलात?