बाजारात चक्का थंड ठेवायचाय, १२ व्होल्टच्या डब्याला कोणती बॅटरी लावू?

चक्केवाली_आटपाडी

नमस्कार मंडळी. मी आटपाडीजवळ वस्तीवर राहते. घरच्या दोन म्हशी, एक जर्सी आणि शेजारच्या चार घरांचं दूध घेऊन चक्का आणि पनीर करते. आठवड्याला तीन-चार बाजार धरते. आटपाडी, दिघंची, खरसुंडी आणि जमलं तर पलीकडे म्हसवड. जुनी ओम्नी आहे, मागची सीट काढून तिथं माल ठेवते. बाजारात लाइट मिळत नाही. मोबाइलच्या दुकानदाराला वायर मागितली तर म्हणाला, "मावशी, तुमचा फ्रिज चालंल पण माझं दुकान चालायचं नाही."

गेल्या महिन्यात ऑनलाइन 'कार फ्रिज' घेतला. २२ लिटर, चार हजारांना, स्टिकरवर १२ व्होल्ट ६० वॅट. गाडीतल्या लायटरच्या सॉकेटात पिन खोचली आणि खरसुंडीच्या बाजारात नऊला उभी राहिले. तीनला गाडी काढायला गेले तर सेल्फ नुसता टक टक टक. बाजारातल्या पोरांनी धक्का मारला तेव्हा निघाले. एवढं करून डब्यातला चक्का कोमटच! वरच्या पिशव्या टम्म फुगलेल्या, फोडल्यावर आंबूस वास. ११ किलो होता. दोन किलोची कढी केली, वस्तीवर वाटली, उरलेला म्हशींच्या आंबोणात गेला.

आता आमचे हे म्हणतात, घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाक. ती दोघांनाही उचलत नाही. खरंच एवढी मोठी लागते का? पाडवा तोंडावर आलाय, श्रीखंडाच्या ऑर्डरी आहेत, जरा लवकर सांगा.

बॅटरीवाला_कराड

ताई, बॅटरीचं नंतर बघू. आधी एक सांगा. डबा लावला की घरच्या फ्रिजसारखी घुर्र होऊन मधेमधे थांबते, की नुसता पंखा फिरत राहतो?

चक्केवाली_आटपाडी

नुसता पंखा. मागून गरम वारा मारतो. सहा तासांत एकदाही थांबला नाही.

बॅटरीवाला_कराड

मग झालं. तो फ्रिज नाही, पेल्टियरचा डबा आहे. आत एक चपटी चकती असते, तिच्यातून करंट गेला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. १८३४ सालचा शोध आहे, खोटा नाही, पण ताकद बेताची. बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जातो. उन्हात उभ्या ओम्नीत ४२-४३ होतात, म्हणजे तुमचा चक्का नशीब चांगलं असेल तर २३-२४ वर. त्याला हवेत ५ च्या आत. या डब्याला ट्रकची बॅटरी लावली तरी चक्का आंबणारच, फक्त जास्त वेळ घेऊन.

गाडी का बंद पडली तेही सांगतो. ६० वॅट भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर. सहा तासांत ३० एएच. तुमच्या ओम्नीची बॅटरी बहुतेक ३५ ची असेल. शिवाय ती सेल्फ मारायला केलेली असते, खाली उतरवायला नाही. असं आठ-दहा वेळा केलंत तर ती कायमची गेली.

मिरजेचा_मासळीवाला

मी यातला नाही, पण माल थंड ठेवण्यात जन्म गेला. ताई, आधी बर्फाचा हिशेब करा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्युल उष्णता ओढतो, म्हणजे ९३ वॅट-तास. पाच किलोला साडेचारशेच्या वर. जाड थर्मोकोलचं खोकं आणि पाच किलो बर्फ, दिवस निघतो. ना वायर ना सेल्फची टकटक.

चक्केवाली_आटपाडी

भाऊ, बर्फ करून बघितलाय. लादी फोडून टाकली की दुपारी खोक्यात पाणी, पिशवीला बारीक भोक असलं तरी चक्का पातळ. आणि गिऱ्हाईक ओली पिशवी हातात घेत नाही. बाया आधी पिशवी पुसून बघतात, मग भाव विचारतात.

मिरजेचा_मासळीवाला

लादी नका आणू. घरच्या फ्रीझरला रात्री लिटरच्या बाटल्या लावा. गळ्यापर्यंत भरू नका, गोठताना पाणी फुगतं, बाटली तडकते. मधे एक पुठ्ठा ठेवा, चक्का बाटलीला चिकटून गोठला तर नंतर रवाळ होतो आणि पाणी सोडतो.

बॅटरीवाला_कराड

बाटल्यांचं बरोबर आहे. आणि ताई, रोजचा धंदा आहे म्हणून घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा डबा घ्या, ३५-४० लिटरचा. चालतो तेव्हा ४५ ते ६० वॅट ओढतो, पण गार झाला की थांबतो. सावलीत, सारखं झाकण न उघडता तासातली २०-२५ मिनिटं चालेल. आठ तासांच्या बाजाराला २०० वॅट-तासांच्या आसपास धरा.

पण माल घरूनच गार करून न्या. दहा किलो पाणी ३० वरून ५ अंशांवर आणायलाच सुमारे २९० वॅट-तास उष्णता काढावी लागते, चक्क्याला थोडी कमी. ते काम रात्री घरच्या लाइटवर उरकायचं. बाजारात बॅटरीनं फक्त राखण करायची.

बॅटरी लिथियम, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, ५० एएच. १२.८ व्होल्ट गुणिले ५०, म्हणजे ६४० वॅट-तास. त्यातले ५०० बिनधास्त वापरा. वजन सहा-सात किलो, पिशवीत घालून न्याल. घरची ट्युब्युलर पन्नासाच्या वर भरते, अॅसिड हिंदकळतं, आणि तिच्यातलं निम्मंच वापरायचं असतं. साहेबांना सांगा, ती घरीच बरी. फक्त लिथियमला तिचाच चार्जर घ्या, इन्व्हर्टरच्या चार्जरवर टाकू नका. आणि डबा थेट १२ व्होल्टवर चालवा. मधे इन्व्हर्टर घातला की तो बसल्या जागी वीज खातो.

चक्केवाली_आटपाडी

(तीन आठवड्यांनी)

घेतला. डबा बावीस हजारांचा, बॅटरी वेगळी. भिशी उचलली. पहिल्या बाजाराला रडू यायचं बाकी होतं! डबा टेबलावर, बॅटरी गाडीत, मधे सहा मीटर वायर. सुरू केला, घुर्र झाली आणि दोन सेकंदांत बंद. पडद्यावर ई-१. परत सुरू, परत बंद. बॅटरी रात्रभर चार्ज केलेली. शेवटी बाटल्यांवर दिवस काढला, मासळीवाले भाऊ, तुमचे उपकार.

बॅटरीवाला_कराड

वायर किती जाडीची? आणि डब्यावर एच-एम-एल असं काही आहे का? मीटर असेल तर डबा सुरू होताना दोन्ही टोकांना व्होल्ट बघा.

चक्केवाली_आटपाडी

वायर वायरमननं दिलेली, १ स्क्वेअर एमएम, म्हणाला घरच्या पंख्याला हीच असते. डबा 'एच' वर होता. पोराच्या मीटरनं बघितलं. बॅटरीपाशी १३.२ आणि डब्यापाशी सुरू होताना ११.४!

बॅटरीवाला_कराड

मधले पावणेदोन व्होल्ट वायरीनं आणि पिनेनं खाल्ले, म्हणून डबा बॅटरी उतरली असं समजून बंद पडत होता. पंख्याला २३० व्होल्ट असतात, त्यात एक-दोन गेले तर कळतही नाही. इथं आहेतच १२. जाऊन-येऊन बारा मीटर तांबं होतं, हे लक्षात घ्या. ६ स्क्वेअर एमएमची वायर टाका, बॅटरीच्या टर्मिनलपाशीच १५ अँपिअरचा फ्यूज. लायटरची पिन काढून टाका, ती सैल बसते आणि तापते. 'एच' म्हणजे गाडी सुरू होण्याइतकी बॅटरी उरावी म्हणून लवकर तोडणारी सेटिंग. तुमची बॅटरी वेगळी आहे, 'एम' वर ठेवा.

चक्केवाली_आटपाडी

पिन काढली तर खरंच एका बाजूनं तपकिरी पडलेली, प्लास्टिक मऊ झालं होतं. वायर बदलली. आता बॅटरीपाशी १३.२, डब्यापाशी १२.९. काल दिघंचीच्या बाजारात साडेआठ ते चार, डबा ४ अंशांवर, १४ किलो चक्का नि पाच किलो पनीर. डब्यात दोन गोठलेल्या बाटल्या पण टाकते, तेवढाच तो कमी चालतो. वरून ओलं पोतं टाकलं होतं, पण त्यानं मागची जाळी झाकली आणि डबा थांबेचना. पोतं काढलं, छत्री लावली, मग थांबायला लागला. घरी आल्यावर बॅटरीत निम्म्याच्या वर शिल्लक.

एकच शंका. ओम्नीत जागा नाही, बॅटरी आडवी ठेवली तर चालते का?

बॅटरीवाला_कराड

आडवी चालेल, उलटी नको. पट्ट्यानं बांधा, दिघंचीचा रस्ता मला माहितेय.